कुत्रं चावलं तर: नळापासून शेवटच्या सुईपर्यंत, क्रमाने

"सिस्टर, इंजेक्शन झालंय की कालच. टीटीचं."

एआरव्हीच्या, म्हणजे रेबीजच्या लसीच्या, टेबलापलीकडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं त्या टेबलाशी गेली. समोरच्याच्या पोटरीत चार दात रुतलेले, वर हळद थापलेली, आणि चेहऱ्यावर निश्चिंती. गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असतं. ते घ्यावंच, पण त्याचा रेबीजशी काडीचाही संबंध नाही.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळपास कुणीच वाचत नाही. त्याआधी मात्र पुरेसा वेळ मिळतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभरात दिसतात, कधी वर्ष लागतं. एवढ्या अवधीत तीन गोष्टी करायच्या असतात: जखम धुणं, लस, आणि जखम तशी असेल तर सीरम, म्हणजे विषाणूला जखमेतच गाठणारं वेगळं इंजेक्शन. घोळ होतो तो यातली एखादी गळते म्हणून, नाहीतर क्रम चुकतो म्हणून. पुढचं सगळं त्या क्रमाबद्दल आहे.

पायरी १: आधी नळ, मग गाडी

कुत्रं चावलं की घरातला कुणीतरी मोटारसायकलची किल्ली शोधायला धावतो. त्याला थांबवा आणि जखम नळाखाली धरा.

साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. मोबाईलवर टायमर लावा, कारण अंदाजाने धुतलेली पंधरा मिनिटं प्रत्यक्षात दोन-तीनच भरतात. साबण अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, कुठलाही चालतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीसारखं आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. म्हणून नुसत्या पाण्यावर भागवू नका. साबण शोधण्यात एखादं मिनिट गेलं तरी हरकत नाही. शेतात असाल तर बोअरची मोटर चालू करा. तीही सोय नसेल तर एकाने कळशीतून धार धरावी, दुसऱ्याने धुवावं. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी चढवावी.

दात खोल गेला असेल तर धार थेट त्या भोकाच्या तोंडाशी धरा. ब्रशने घासू नका, जखम पिळू नका. मूल रडून आकांत करत असेल तर मध्ये क्षणभर थांबून पुन्हा धुवा, बेरीज १५ मिनिटं भरली म्हणजे झालं. लाळ डोळ्यात किंवा तोंडात उडाली असेल तर तिथे साबण नको, भरपूर स्वच्छ पाणी वापरा.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे घरात बीटाडीन म्हणून असतं ते, लावा. जखम उघडी ठेवा. माश्या बसत असतील तर स्वच्छ फडकं सैल टाका, घट्ट पट्टी बांधू नका.

> थांबा. रक्त भळभळत असेल, किंवा मान-चेहरा फाटला असेल, तर स्वच्छ कापडाने दाब देऊन लगेच रुग्णालय गाठा. धुणं तिथे होईल.

आता काय लावायचं नाही ते. हळद, लाल तिखट, चुना, तंबाखू, कॉफी पावडर, रॉकेल, झाडपाल्याचा रस: मी हे सगळं जखमांमधून काढलेलं आहे. एकदा सहा-सात वर्षांच्या मुलीच्या दंडातल्या जखमेत तिखट ठासून भरलेलं होतं. ते धुऊन काढायला दोघींना पाऊण तास लागला. चावताना रडली नसेल एवढी ती पोर त्या पाऊण तासात रडली. आई सांगत होती, "आमच्यात असंच करतात, विष उतरतं." उतरत काही नाही. जखम चरचरून आणखी बिघडते, आणि अशा बिघडलेल्या जखमेत विषाणूला मज्जातंतूंपर्यंत, आणि तिथून मेंदूपर्यंत, वाट सोपी होते. डागणी देणं हाही त्यातलाच प्रकार.

रात्र गेली, जखम धुवायची राहूनच गेली? तरीही आता धुवा. खपली धरली असेल तर ती मात्र खरवडू नका.

पायरी २: जखम उजेडात नीट बघा

उपचार किती लागणार हे जखमेच्या श्रेणीवर ठरतं. डॉक्टर ती ठरवतीलच, पण तुम्हालाही कळायला हवी, कारण अर्धे लोक इथेच "काही नाही, खरचटलंय" म्हणून घरी बसतात.

पहिली श्रेणी: जनावराला हात लावला, खायला घातलं, किंवा त्याने जिथे कातडी शाबूत आहे अशा ठिकाणी चाटलं. साबणाने हात धुवा. लस लागत नाही.

दुसरी श्रेणी: उघड्या कातडीवर हलके दात लागले, ओरखडा आला, खरचटलं, पण रक्त आलं नाही. लस लागते.

तिसरी श्रेणी: दात किंवा नख कातडीच्या आत गेलं, रक्त आलं, आधीच्या जखमेवर चाटलं गेलं, किंवा लाळ डोळ्यात, नाकात, तोंडात गेली. लस आणि सीरम दोन्ही लागतात.

> इथे चुकतं. "एकच थेंब आला होता" ही तिसरी श्रेणी आहे. रक्त किती आलं ते कुणी विचारत नाही, आलं की नाही एवढंच बघायचं.

पँटवरून चावलं असेल तर पँट फाटली की नाही यावर जाऊ नका, कपडा काढून कातडी बघा. नखाच्या ओरखड्यालाही तोच नियम, कारण कुत्रं-मांजर पंजा चाटत असतं.

पिल्लू होतं म्हणून सोडून देणारे पुष्कळ. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या हाताला चावलं होतं, आणि किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नव्हती.

कुत्र्याखेरीज मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा, आणि आपल्या गोठ्यातली गाय-म्हैससुद्धा रेबीज देऊ शकते. रानटी जनावराने चावा घेतला तर तो थेट तिसऱ्या श्रेणीत धरतात. उंदीर, खार, ससा चावल्यावर सहसा ही लस लागत नाही. तरी डॉक्टरांना दाखवून मग ठरवा.

म्हशीवरून आठवलं. गावात एखादी म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध प्यायलेलं अर्धं गाव रुग्णालयाच्या पायरीवर येतं. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. त्या रांगेतल्या बहुतेकांना सुई लागत नसते. ज्याला खरोखर लागते तो मात्र अनेकदा रांगेत नसतो. म्हशीला गिळता येईना, लाळ गळतेय, घशात काही अडकलं असेल म्हणून ज्याने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, तो मालक. त्याच्या हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर तो तिसऱ्या श्रेणीत मोडतो.

> लहान मुलांचं. मार बसेल या भीतीने मुलं चावा लपवतात. मूल कुत्र्याजवळून रडत आलं, किंवा आंघोळीच्या वेळी पाय लपवायला लागलं, तर ओरडू नका, अंग तपासा.

पायरी ३: त्याच दिवशी निघा, आणि हे सोबत न्या

कुत्रं सापडतंय का, ते मरतंय का, याची वाट बघत घरी बसायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. रविवार असेल, सण असेल, रात्र असेल तर ओपीडी बंद असते. कॅज्युअल्टीत जाऊन विचारा.

लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने, आणि बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ती असते. सीरम मात्र सगळीकडे नसतं. जखम तिसऱ्या श्रेणीची असेल तर निघण्याआधी फोन करा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: "लस आहे का?" आणि "सीरम आहे का?" नुसतं "कुत्र्याचं इंजेक्शन आहे का" विचारलंत तर पलीकडचा माणूस हो म्हणेल, आणि त्याच्या मनात फक्त लस असेल.

सोबत न्यायचं ते असं. पूर्वी कधी ही लस घेतली असेल तर त्याचं कार्ड. चालू औषधांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं. दोन्ही दंड सहज उघडे होतील असा सदरा किंवा ब्लाऊज. आणि पोटात काहीतरी. सीरम रिकाम्या पोटी घेऊ नये.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, कॅन्सरचे उपचार चालू आहेत का, एचआयव्ही आहे का, अवयव प्रत्यारोपण झालंय का. प्रतिकारशक्ती कमी असेल तर दुसऱ्या श्रेणीच्या जखमेलाही सीरम देतात. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा मलेरियासाठी क्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगा, कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो.

गरोदर बाईने लस घ्यावी. अंगावर पाजणारीनेही घ्यावी. तान्ह्या बाळालाही देतात आणि ऐंशीच्या आजोबांनाही. अमक्याला चालत नाही असा माणूस या लसीच्या बाबतीत सापडणं कठीण. समोर रेबीज असताना कुठलंच कारण मोठं ठरत नाही.

महिन्यापूर्वी चावलं होतं, तेव्हा काहीच केलं नाही, आता हे वाचून पोटात गोळा आला? आज जा. आजच चावल्यासारखेच उपचार सुरू होतात.

पायरी ४: सीरम, सगळ्यात जास्त गळणारी पायरी

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण लोक लसीचे सगळे डोस घेतात आणि हीच गोष्ट राहते.

लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळा असतो. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं; ती जखमेतच टोचली की विषाणूला जागच्या जागी गाठतात. रेबीज इम्युनोग्लोब्युलिन हे त्याचं खरं नाव, बोलताना सगळे सीरम म्हणतात. चेहरा, डोकं, मान, हाताची बोटं या ठिकाणच्या चाव्यात याला फार महत्त्व आहे, कारण तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि चेहऱ्यापासून मेंदू जवळ.

डोस वजनावर ठरतो, म्हणून वजनकाट्यावर उभं राहूनच घ्या, अंदाजे वजन सांगू नका. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम असेल तर किलोमागे ४० एकक, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागे २० एकक. ३० किलोच्या मुलाला घोड्याच्या सीरमचे १२०० एकक लागतील. मिलीलिटरला ३०० एकक अशी बाटली असेल तर ४ मिली. आता मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, प्रतिपिंडंही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबिशील्ड किलोमागे ३.३३ एकक लागतं, झायडसचं ट्विनरॅब्स ४० एकक. त्यामुळे शेजारच्याला किती मिली दिलं आणि मला किती, ही तुलना निरर्थक आहे.

टोचायचं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. जखमेच्या आत आणि भोवती, जेवढं बसेल तेवढं. चार दातांची चार भोकं असतील तर चारही. जखमा जास्त आणि औषध कमी असेल तर सलाईनमध्ये पातळ करून सगळ्या जखमांना पुरवतात. ठरलेल्या डोसपेक्षा जास्त देत नाहीत, कारण त्याने लसीचं काम मंदावतं. बोटाच्या पेराला जागा कमी असते, तिथे अगदी सावकाश थोडंसं देतात. दुखतं. खोटं कशाला सांगू, फार दुखतं. म्हणूनच काही पेशंट "कमरेत द्या ना" म्हणून गयावया करतात. सगळं औषध कमरेत गेलं तर जखमेतल्या विषाणूपर्यंत ते नीट पोहोचत नाही आणि सीरम घेऊन न घेतल्यासारखं होतं.

> तपासा, उठण्याआधी:
> सुई प्रत्येक जखमेत गेली का?
> सीरम आणि लस वेगवेगळ्या सिरिंजने, वेगवेगळ्या जागी दिली का?
> केसपेपरवर सीरमचं नाव, डोस आणि तारीख लिहिली का?

सीरमनंतर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित ॲलर्जीची प्रतिक्रिया येते आणि तिच्यावरचं औषध रुग्णालयात तयार असतं. अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर लगेच सांगा. सगळ्यांना लाज वाटते सांगायची, का ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी सीरम मिळालंच नाही तर? लस थांबवू नका. लसीचा पहिला डोस तिथे घ्या आणि सीरम असेल त्या मोठ्या रुग्णालयात जा, शक्य तर त्याच दिवशी. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच सीरम देतात. त्यानंतर लसीची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात.

टाक्यांबद्दल. फाटलेली जखम बघून घरचेच आग्रह धरतात: "टाके घाला, व्रण राहील." सीरम न देता टाके घातले तर विषाणू आत शिवला जातो. शक्यतो टाके टाळतात. घालावेच लागले तर आधी सीरम, मग काही तासांनी, मोजके आणि सैल. खासगी दवाखान्यात चेहऱ्याच्या जखमेला थेट टाके पडतायत असं दिसलं तर हात धरून विचारा: "डॉक्टर, सीरम दिलं का?"

पायरी ५: लस कुठे आणि कशी टोचली ते बघा

लस दोन पद्धतींनी देतात.

एक, स्नायूत. खासगी दवाखान्यात बहुधा हीच. दरवेळी एक पूर्ण बाटली, मोठ्यांना दंडाच्या वरच्या भागात, तान्ह्या आणि लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. एकूण पाच वेळा.

दोन, कातडीत. सरकारी रुग्णालयात सहसा ही. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, म्हणजे एका वेळी दोन सुया. एकूण चार वेळा.

> कमरेत नाही. ही लस कुल्ल्यात कधीच द्यायची नसते. तिथे चरबी जास्त, लस नीट शोषली जात नाही. कुणी पॅन्ट सैल करायला सांगितली तर दंड पुढे करा.

कातडीतल्या लसीवरून टेबलाशी भांडणं होतात. "एका बाटलीत पाच जणांना उरकता, फुकट आहे म्हणून?" असं मला एका मास्तरांनी तोंडावर सुनावलं होतं. कातडीत प्रतिकारशक्तीच्या पेशी दाट असतात, म्हणून थोडी लस पुरते. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली आहे आणि मोठ्या डोसइतकंच संरक्षण देते. पण एका अटीवर: लस कातडीतच जायला हवी. हे तुम्हालाही बघता येतं. सुई काढल्यावर तिथे संत्र्याच्या सालीसारखा, छोट्या वाटाण्याएवढा फुगवटा उठायला हवा. दोन्ही दंडांवर. उठला नाही तर लस खाली गेली. तिथल्या तिथे सांगा, शेजारी पुन्हा देतात.

पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार आता राहिलेला नाही. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. अजूनही त्या धास्तीने माणसं येत नाहीत, म्हणून लिहिलं.

दंड दुखणं, खाज, लाली, थोडा ताप हे होतं. त्यासाठी पुढचा डोस टाळू नका. पथ्य कुठलंच नाही. अंडी, वांगं, दही, तेलकट, सगळं चालतं.

बाटली मेडिकलमधून विकत आणून देणार असाल तर ती बर्फाच्या पिशवीत आणा आणि लगेच द्या. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. गाडीच्या डिकीत उन्हात तास काढलेल्या लसीवर भरवसा कसा ठेवायचा? फ्रीजरमध्ये टाकणंही चूकच.

पायरी ६: तारखा मोजा, "शून्य" पासून

पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो शून्य दिवस. कुत्रं कधी चावलं ती तारीख इथे धरायची नाही.

समजा पहिली सुई ५ जूनला झाली.

स्नायूत घेत असाल तर ०, ३, ७, १४, २८: म्हणजे ५ जून, ८ जून, १२ जून, १९ जून, ३ जुलै.

कातडीत घेत असाल तर ०, ३, ७, २८: म्हणजे ५ जून, ८ जून, १२ जून, ३ जुलै. चौदाव्या दिवशी काही नाही.

> इथे चुकतं. पहिल्या दिवसाला "एक" धरलं की पुढच्या सगळ्या तारखा एक दिवस अलीकडे सरकतात आणि ७ जूनला रुग्णालयात हेलपाटा होतो. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कार्डावर लिहून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर गोल करा.

तिसऱ्या डोसपर्यंत जखम भरते, दुखणं थांबतं, आणि माणूस यायचा बंद होतो. सगळ्यात जास्त गळती मी इथेच पाहिली. ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या पोरांचं तर ठरलेलं: बीडकडून टोळी निघते, कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर कुत्रं चावतं, दोन डोस होतात आणि टोळी पुढच्या गावाला. त्या आईबापांना कुणी सांगितलेलंच नसतं की उरलेला डोस कुठल्याही सरकारी रुग्णालयात घेता येतो, फक्त कार्ड दाखवायचं. मी कार्डावर मोठ्या अक्षरांत तारखा लिहून मुकादमालाही सांगायचे. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही.

तारीख चुकली तर आठवेल त्या दिवशी जा. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. मधलं अंतर तेवढंच ठेवून पुढचे डोस सरकवतात: १२ जूनऐवजी १५ ला गेलात तर १९ चा डोस २२ ला आणि ३ जुलैचा ६ ला.

पहिला डोस एका कंपनीचा आणि आता ती लस मिळत नाही? दुसऱ्या कंपनीची घ्या. शक्यतो कंपनी आणि पद्धत एकच ठेवावी, पण त्यासाठी डोस चुकवू नये.

पायरी ७: कुत्र्यावर १० दिवस नजर, उपचार चालू ठेवून

हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना लागू नाही.

कुत्रं पाळीव किंवा गल्लीतलं ओळखीचं असेल तर त्याला बांधून ठेवा, खायला-प्यायला द्या, मारू नका. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते १० दिवसांत आजारी पडून मरतं. दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर डॉक्टरांना सांगा. स्नायूतल्या लसीचा चौदाव्या दिवसाचा डोस गाळून अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा देता येतो. तो निर्णय डॉक्टरांचा. तोवरचे ०, ३ आणि ७ हे डोस झालेलेच असायला हवेत.

"आमच्या टॉमीला दरवर्षी लस देतो" म्हणून मालक शेजाऱ्याला परत पाठवतो. लस कधी दिली, नीट साठवलेली होती का, कुत्र्याच्या अंगी लागली का, हे त्या वेळी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपचार सुरू करा, टॉमीचं कार्ड नंतर डॉक्टरांना दाखवा.

भटकं कुत्रं शोधण्यात दिवस घालवू नका. ते मेलेलं आढळलं तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा पालिकेला कळवा, आणि तुमचे सगळे डोस पूर्ण करा.

पायरी ८: पुन्हा चावलं तर

ज्याने लसीचा कोर्स पूर्वी पूर्ण केलाय आणि तसा कागद आहे, त्याला फक्त दोन डोस लागतात: ० आणि ३ व्या दिवशी. सीरम लागत नाही. जखम मात्र पुन्हा तशीच १५ मिनिटं धुवायची. कोर्स पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नसतील तर बहुधा धुण्यावरच भागतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांनी, म्हणजे पशुवैद्य, कुत्री पकडणारे कर्मचारी, संध्याकाळी गल्लीतल्या वीसेक कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या काकू, यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस असतात. नंतर चावलं तरी दोन डोसांवर काम होतं आणि जखमेत सुया टोचून घ्याव्या लागत नाहीत.

हे सगळं कागदावर चालतं. "घेतली होती हो, चार वर्षांपूर्वी, सगळी घेतली होती" याला टेबलावर किंमत नाही. कागद नसेल तर नव्याने पूर्ण कोर्स, सीरमसकट. कार्ड पावसात भिजतं, घर बदलताना हरवतं. शेवटच्या डोसच्या दिवशी, रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्याच, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.